वाचनालयाला रंग
दाराला ऑइलपेंट लावला की त्या वासाने मला अल्लीपूरजवळच्या एका गावातलं वाचनालय आठवतं. कापसाच्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वी बांधलेलं, सागवानी खांबांचं आणि चुन्याच्या गिलाव्याचं. छत वाकलं होतं. ते पाडून तिथे गाळे काढायचं ठरत होतं. जुन्या वास्तूंच्या जतनाचं अनुदान मिळालं, तरच ते वाचणार होतं. अर्ज एका निवृत्त गुरुजींनी केला. मी वार्ताहर, म्हणून मजकूर मी लिहून दिला. पाहणीच्या दिवशी पोचलो, तर भिंतींवर नवं सिमेंट आणि गुलाबी रंग, खांब चॉकलेटी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. "पाव्हणे येऊन राह्यले म्हून साऱ्या गावानं मिळून रंगवलं, सायेब," गुरुजी म्हणाले. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने नखाने भिंत खरवडली. "गुरुजी, अनुदान त्या जुन्या चुन्यासाठीच होतं." "मंग खरडून काढतो ना. आठ दिवस द्या आमाले." "सिमेंटसोबत चुनाही निघेल." त्याने फाइल मिटली. गुरुजींनी त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पाहुणे येताहेत, जरा नीटनेटकं करून ठेवा, असं आदल्या आठवड्यात मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. गुरुजी ते अधिकाऱ्यापुढे बोलले नाहीत. मीही बोललो नाही. यंदा तिथे गाळे उभे राहिले. वाचनालय कसं गेलं, याची बातमी मीच दिली. तीत रंगाचा उल्लेख आहे, फोनचा नाही.