हितूमामाची रिकामी दुपार

माझा मामा हितेंद्र जळगावात लोकांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवतो. पर्सनल ट्रेनर. जिम नाही, साहेब नाही, पाटी नाही. स्कूटरच्या डिकीत रबरी पट्टे, दोन डंबेल आणि एक चटई, एवढंच दुकान. सकाळी अंधारातच निघतो, दहापर्यंत त्याची माणसं संपतात. संध्याकाळची पाचनंतर. मधली दुपार रिकामी, आणि रिकामी दुपार मामाला चावते.

चावते म्हणजे खरंच. जेवला की घरात येरझारा. धुतलेले पट्टे पुन्हा धुतो. वेळेचा उपयोग कसा करावा असले व्हिडिओ दुप्पट वेगात बघतो, अर्ध्यात बंद करतो आणि क्लायंटना मेसेज टाकत सुटतो: पाणी प्यायलं का, जिना चढलात का. एका वकीलसाहेबांनी कोर्टातून उलट विचारलं, की श्वास घेऊ का. दिपमालामामी म्हणते, याला खाटेला बांधलं तर खाट चालायला लागेल. मामा मूळचा अमळनेरकडचा, चिडला की खानदेशी सुटते: "मन्ही बठ्ठी दुपार वाया जास, आनि तुले हासू येस?"

सगळ्यात मोठी धास्ती सावद्याची. मामीचे वडील तोतारामनाना, त्यांचं तिथं केळीचं कोल्ड स्टोरेज. नानांचा आवाज काढायचा तर आधी गालात सुपारी सरकवावी लागते, मग अगदी सावकाश: "जवाईबुवा, गादीची खुर्ची हाये, पंखा हाये. बसा ना. कोन तुम्हाले ऊठ म्हनते?" आणि मामाने मामीला शब्द देऊन टाकला होता. दिवाळीपर्यंत दुपारची बॅच उभी राहिली नाही तर क्लायंट सोडायचे आणि सावद्याला त्या खुर्चीत बसायचं. हा शब्द देतानासुद्धा तो उभाच होता.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा लाडकुंवरबाई सापडल्या. सकाळच्या शाळेत माझ्या वर्गात असलेल्या चेलनाची आजी. घरचं कापडाचं दुकान, कुरकुरणारे गुडघे, आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या तीन शेजारणी. मामा एकदा जाऊन नमुना दाखवून आला. बायकांचा निकाल चेलनाने मला मधल्या सुट्टीत ऐकवला: माणूस चांगला, पण बघून चक्कर येते. आपण एक हात वर नेईपर्यंत हा पुढच्या व्यायामाला पोचलेला. तरी लाडकुंवरबाईंनी सोमवारी तीन वाजता या म्हणून निरोप दिला.

सोमवारी शेजारणींचं अचानक खरेदीला जायचं निघालं. चेलनाने आजीच्या वतीने मेसेज टाकला, सर, आज बायका नाहीत, उद्यापासून सुरू करू का? मामा तेव्हा सिग्नलला, एक पाय रस्त्यावर, एक स्कूटरवर. त्याने 'आज' वाचलं, 'सुरू' वाचलं, आणि इंग्रजी अक्षरांत टाकून दिलं, येस. आमच्या खानदेशीत येस म्हणजे येतो. चेलनाच्या घरात येस म्हणजे हो.

तीनला मामा डंबेल घेऊन दारात. चेलनाने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत आजी आसनावर, तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती, हातात माळ. जैनांची सामायिक चालू होती. म्हणजे पाऊण तास एका जागी बसायचं, संसाराचं काही बोलायचं नाही, बाकी सगळं सोडून द्यायचं. त्यामुळे भांडण दारातच, कुजबुजीत झालं. चेलना म्हणाली, सर, तुम्हीच येस म्हणालात. मामा म्हणाला, म्हणून तर आलो.

"येस म्हणजे उद्या, सर."

"येस म्हंजे मी येस, पोरी."

परत जावं तर घरी तीच दुपार वाट बघत होती. मामा थांबला. सोफ्याच्या कडेवर बसला, उठला, कॅलेंडर वाचलं, पुन्हा बसला. मग बाहेर पॅसेजमध्ये उठाबशा सुरू केल्या, आणि चपलांच्या कपाटावर ठेवलेला डंबेल घरंगळून फरशीवर आदळला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी कोण आहे रे म्हणून ओरडलं. आजीची माळ थांबली नाही.

सामायिक झाल्यावर लाडकुंवरबाईंनी आसनाची घडी केली आणि मामाकडे बघितलं. "हितेंद्रजी, मी डोळे मिटून बसले होते, तरी मला तुम्ही दिसत होते. इतके हिलता कशाला?"

मामाकडे एरवी उत्तरांचा ढीग असतो. यावेळी एकच निघालं, तेही खानदेशीत. "बाई, मी थांबनू का माले भ्याव वाटस."

लाडकुंवरबाईंचा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला, गावागावाची गिऱ्हाइकं ऐकलेली. थांबलं की याला भीती वाटते, हे त्यांना बरोबर समजलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, उद्यापासून आम्ही चौघी आधी सामायिक करू. तुम्ही पण इथंच बसा. माळ नको, काही नको, नुसतं बसा. "जमलं तर रोज या. नाही जमलं, तर आमच्या गुडघ्यांना तुमची घाई झेपणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामा भिंतीला टेकून मांडी घालून बसला. चेलना सांगते, आधी अंगठा हलला, मग गुडघा. मामाने गुडघ्यावर हात दाबून धरला, तर हात हलायला लागला. खिशात फोन थरथरला. हात खिशापर्यंत गेला आणि परत आला. पुढे तो इतका गप्प झाला, की तिला वाटलं झोपला. पण डोळे उघडे होते, आणि एकाच ठिकाणी होते.

सामायिक संपवून चौघी गुडघ्यांवर हात देत उठल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मामा उठेना. दोन्ही पायांना मुंग्या. शेवटी चार आज्यांनी दंडाला धरून ट्रेनर ओढून काढला, आणि ओढता ओढता लाडकुंवरबाई अगदी त्याच्याच पट्टीत म्हणाल्या, "पाठ सरळ. श्वास सोडा." मग व्यायाम सुरू झाला. कुणाला चक्कर आली नाही, कारण मामाचे पायच त्या दिवशी हळू चालत होते. निघताना चौघींनी उद्याची वेळ स्वतःहून सांगितली.

पाच वाजायच्या सुमाराला सावद्याहून नानांचा फोन आला, तो मामीने घेतला. खुर्ची रिकामी आहे, केव्हा येतात, असं विचारत होते.

"नाना, ते आता दुपारी बसतात," मामी म्हणाली. "पण इथंच, जळगावात."

मामा तेव्हा संध्याकाळच्या क्लायंटकडे निघूनसुद्धा गेला होता, चटई घरीच विसरून.