चोळीचं रान

गुरुलिंग तसा अबोल माणूस, पण गढीचा विषय निघाला की अंगात आल्यासारखा बोलायचा. कुंभारीच्या पुढं त्याचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर देसायांची गढी. गढी कसली, पांढऱ्या मातीचा ढिगारा! देसाई गेले, वारस पांगले, आणि मग गावानंच ती खाल्ली म्हणा ना. दरसाल पावसाच्या आधी ज्यानं त्यानं पाट्या भरभरून तिथली माती न्यायची आणि आपल्या माळवदावर पसरायची, पावसात छत गळू नये म्हणून. अख्खा तट असा घराघरांवर जाऊन बसला. राहिला होता एकच बुरूज, सुनेचा. त्याला कुणी कुदळ लावत नसे.

का, तर त्यात गुरुलिंगच्या घराण्यातली लेक होती. बुरूज चढवावा आणि तो ढासळावा, असं पुन्हापुन्हा झालं, तेव्हा देसायानं मुद्दाम हिच्या बापाकडं मागणं घातलं, सून करून आणली आणि हळद उतरायच्या आत जिवंत चिणली. बापाला विहिरीसकट रान दिलं. त्याच रानावर घराणं आजवर जगलं. चोळीचं रान म्हणायचे त्याला. दर पंचमीला गावच्या लेकी माहेरी आल्या, की गुरुलिंग लुगडं-चोळी घेऊन बुरजापाशी जायचा. "बाई, न्यायला न्हाय आलो, नुसता भेटाय आलो," म्हणायचा आणि डोळे पुसत परत यायचा. आपल्या डोळ्यांदेखत तिला कुणी उकरू नये, एवढंच त्याचं देवाला मागणं होतं.

तीस सालच्या मार्शल लॉच्या पुढच्या उन्हाळ्यात बाकीची माती संपली. पाटील मल्लप्पा घरी आला. "गुरुलिंगअण्णा, गेल्या पावसात लेकरंबाळं भिजली. बुरूज काढावा लागतोय. पर तुमी व्हय म्हटल्याबिगर हात न्हाय लावणार."

गुरुलिंगचं अन्नपाणी तुटलं. शेवटी म्हणाला, "काढा. पर हाडं मी उचलणार. या खेपेला घरी नेतो तिला."

कोरं लुगडं मांडीवर घेऊन तो तिथंच बसला. बायको सुंदरम्मा शेजारी. माणसं अलगद कुदळ मारत होती. बुरूज उतरत गेला, पायाचे दगड लागले. हाड नाही, बांगडीची काचसुद्धा नाही. माती, नुसती माती!

"अगं, पळाली की ही!" गुरुलिंग ओरडला. हसला, इतका हसला की डोळ्यांना धारा लागल्या. "देसायाला चकवून पळाली! आन् त्या लबाडानं आपली अब्रू झाकाय बुरूज तसाच बंद केला. शाब्बास गं माझ्या बाई!" गावही हसलं. मल्लप्पानं गूळ आणायला माणूस पिटाळला.

मग गुरुलिंग एकाएकी थांबला. "पर काय गं, सुटली तर मग घरी का न्हाय आली? हाकेच्या अंतरावर तर माहेर."

सुंदरम्मा त्याच्याकडं बघतच राहिली. "कशी यील, अवो? तिला देऊन घेतलेल्या रानात बाप नांगर धरून हुभा हुता की."