वहिनी गाडीतून उतरल्या तेव्हा

बारामतीहून शेळगावकडं येताना ओळखीच्या माणसानं हात केला, की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्या दिवशीही गेला. दार उघडून माणूस माझ्या शेजारी बसला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याच माणसानं वहिनींच्या जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम होता. वहिनी मागच्या सीटवर होत्या, आणि आम्ही त्याच खटल्याच्या तारखेहून परतत होतो. आमची हुशारी ही अशी.

वहिनी म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजारीण. पेरूची बाग एकटीच्या जिवावर. नवरा गेल्यापासून धाकटा दीर दारात येऊन शिव्या द्यायचा, विहिरीवरच्या मोटारीची वायर तोडायचा, घर सोडून माहेरी जा म्हणायचा. वहिनी भरदिवसा कडी लावून बसायला लागल्या. शेवटी त्यांनी इंदापूरच्या कोर्टातून संरक्षणाचा हुकूम आणला. दिरानं त्यावर बारामतीला अपील ठोकलं: मी त्रास दिलाच नाही, ही घाबरल्याचं सोंग करते. ते मंजूर झालं असतं तर दुसऱ्या दिवशी हा पुन्हा दारात.

वडीलधारी मंडळी मिटवामिटवी करायला आली, की वहिनी चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, "मला कुठं घाई हाय?" कोर्टात पुढची तारीख पडली तरी तेच. पिशवीतला पेरू पदरानं पुसून अर्धा मला द्यायच्या. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. एकदा तर त्यांनी चुकून दिराच्या वकिलालाच पेरू दिला. कळल्यावर म्हणाल्या, "खाऊ द्या. पेरू काय साक्ष देनार हाय व्हय?"

तर गाडी अजून रस्त्याकडेला उभीच. दीर हसला, मागं वळला आणि मोबाइल वर धरला. "वैनी, हिकडं बगा की. एकाच गाडीतनं चाललोय, फोटू नगं व्हय?"

हा फोटो कोर्टात दाखवला, की वहिनींची भीती सोंगच ठरणार. पण तो निघायच्या आत वहिनी रस्त्यावर होत्या. घाई नसलेली बाई इतक्या चपळाईनं उतरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी दिराला म्हणालो, "जरा... उतरता का?" जणू पंगतीतून पाहुण्याला उठवतोय!

"आं? तात्या, तुमी बी तिच्याच बाजूचं?"

"उतर," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण निघाला. तो दार आपटून उतरला.

पुढं चालत गेलेल्या वहिनींना गाठलं, पुन्हा गाडीत घेतलं. मी माफी मागायला लागलो.

"तुमचं काय चुकलं, तात्या? कुनी हात केला की आपल्यात थांबावंच लागतंय. कुनी कुनाला न्हाय म्हनत न्हाय. म्हनून तर मला कोर्टात जावं लागलं."

पुढं निकाल लागला. अपील फेटाळलं, हुकूम कायम. परतताना वहिनींना मी त्यांच्या दारात सोडलं.

त्यांची पिशवी गाडीतच राहिली, म्हणून दुपारी द्यायला गेलो. घराचं दार सताड उघडं, आणि वहिनी अंगणात लिंबाखाली बाजेवर, तोंडावर पदर घेऊन गाढ झोपलेल्या. मी चपला हातात घेऊन परत आलो आणि बायकोला म्हणालो, "दार उघडं टाकूनच झोपल्यात. हाक मारू का?"

"खबरदार तिकडं गेलात तर!" ती म्हणाली. "लई दिसांची झोप हाय ती."