वहिनीची स्वच्छता

आमच्या थोरल्या वहिनीइतकी स्वच्छ बाई शोधून सापडायची नाही. दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे नंतर, आधी पायांकडे बघते. तिचा मेंढवाडासुद्धा असा लख्ख, की तिथं बसून खुशाल जेवावं.

त्याच मेंढवाड्यात गाभण मेंढ्या एकीमागून एक गाभडायला, अर्धवट दिवसांची मेलेली कोकरं टाकायला लागल्या. मी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत कामाला. वहिनीला म्हटलं, ‘मेलेल्या कोकराचं पोट आणि वार डब्यात घालून पाठवा, कुठला जिवाणू आहे ते बघतो. आणि हे बघा, असले काही जिवाणू बाईमाणसाचाही गर्भ पाडतात. सुनेला मेंढ्यांपासून लांब ठेवा.’ सून पोटुशी, तीही किती वर्षांनी!

‘मेंढवाड्यात पाऊल नाही टाकू देणार,’ वहिनी म्हणाली. तिचा शब्द म्हणजे शब्द.

डबे येत राहिले. तुकडा प्लेटवर लावायचा, उबेत ठेवायचा, त्यावर कुठला जिवाणू उगवतो ते बघायचं, हा माझा रोजचा धंदा. पण प्लेट कोरी! दुसरी कोरी, तिसरीही कोरी. अरे, मेलेल्या कोकरात काहीतरी तर उगवेल ना? त्यात तुकडे पांढरेफटक, घट्ट झालेले. मला वाटलं, हेच रोगाचं लक्षण. साहेबांना दाखवलं, तेही डोकं खाजवत म्हणाले, ‘असं कधी पाहिलं नाही बुवा.’ नवाच रोग सापडला की काय, म्हणून मी मनातून थोडा फुशारलोही. पण कळत काहीच नव्हतं. डोक्याचं पार भजं झालं होतं.

शेवटी वैतागून स्वतःच गेलो. मेंढवाड्यात वहिनी झाडत होती, एका मेंढीनं नुकताच गाभ टाकला होता. सून कुठे दिसेना. बरं वाटलं.

‘वार कुठाय?’

‘आत. डबा भरणं चाललंय.’

स्वयंपाकघरात शेगडीवर पातेलं उकळत होतं. शेजारी बाह्या सावरून सून उभी. उघड्या हातांनी वार चोळून चोळून धूत होती, मग उकळत्या पाण्यात टाकायला.

‘वहिनी! हे काय?’

‘अहो भाऊजी, तुमच्या ऑफिसात असलं लडबडलेलं पाठवायचं? लोक काय म्हणतील? तिचा हात स्वच्छ, म्हणून पहिल्यापासून तीच करते. मेंढवाड्यात नाही हो जात ती.’

सुनेला बाजूला केलं, न धुतलेलं कोकरू घेऊन तसाच परतलो.

आजवर प्लेट कोरी निघाली की मी चरफडायचो. या वेळी झाकण उचलताना म्हणत होतो, कोरी असू दे, देवा, एवढी एक कोरी असू दे. प्लेट गच्च भरली होती, तीही बाईमाणसाचा गर्भ पाडणाऱ्याच जिवाणूनं.

वहिनीला फोन केला. ‘सुनेला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.’

ती हळूच म्हणाली, ‘पण भाऊजी, नंतर हात धुवायची हो ती. साबणानं.’