शेडकडे पाठ करून

आमच्या घरी सकाळचा पेपर आधी निधनवार्तांसाठी उघडला जायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कॉफीचा लोटा हातात घेऊन त्या रकान्यावरून बोट फिरवत. हवं ते नाव नसलं की मग दिल्लीत काय चाललंय ते वाचत. बाहेरच्याला हे फार अभद्र वाटलं असतं. आम्हाला वाटत नव्हतं, कारण आमच्या गाडीचे सुटे भाग त्याच रकान्यातून यायचे.

गाडी विलायती, लढाईच्या आधीची. बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीच बंद केलं होतं, आणि साठ सालच्या आसपास बाहेरून सुटे भाग येणंही आटलं. जे. सी. रोडवरचे दुकानदार अण्णांना लांबून पाहूनच "इल्ला सार", नाही साहेब, असं कानडीत म्हणून हात हलवत. शिवाजीनगरच्या गुजरीत भंगाराचे ढीग उपसून कधी एखादा नट मिळे, कधी नुसतेच काळे हात. गॅस्केट आम्ही घरी कापायचो. रेडिएटरचा पाइप विहिरीच्या पंपाचा होता. हे सगळं चालून जायचं. पण गिअर, ॲक्सल असल्या पोलादी वस्तू घरी कापता येत नाहीत.

हा सगळा खटाटोप अक्कासाठी. माझी बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या आल्या. डावा पाय वाकत नसे. जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, पायरीवर तिला चढता येत नव्हतं, बसचं नावच नको, आणि रिक्षात तो ताठ पाय मावायचा नाही. अण्णांनी गाडीची पुढची सीट उखडून हातभर मागे बसवली होती, म्हणजे अक्काला पाय लांब करून बसता येई. अण्णा नाहीतर मी गाडी चालवायचो, आणि बसवनगुडीहून कँटोन्मेंटच्या शाळेत ती रोज त्या सीटवर बसून जायची आणि सहावीच्या मुलींना गणित शिकवायची. नोकरीवर तिचा फार जीव. घरात ती मुकाट्याने भाजी निवडणारी बाई होती. शाळेच्या फाटकाशी उतरली की तिचा आवाजच बदलायचा.

आमच्यासारख्या गाड्या गावात चार होत्या. एक निवृत्त जज्जांची, एक फ्रेझर टाऊनच्या अँग्लो-इंडियन म्हातारीची, एक मल्लेश्वरमच्या डॉक्टरांची आणि आमची. रस्त्यात भेटलो की हॉर्न वाजवायचे, उतरून एकमेकांच्या इंजिनात डोकावायचे. चौघांत एक न बोललेला करार होता. मालक गेला की मुलांना ती गाडी नको असायची, मग उरलेल्यांनी ती वाटून घ्यायची. त्याचे नियम होते. जिवंत माणसाच्या गाडीतलं काही मागायचं नाही. समाचाराला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायचं, पण तेरावा होईपर्यंत गाडीचा विषय काढायचा नाही. आणि बसताना गाडीच्या शेडकडे पाठ करून बसायचं. अण्णा तर खुर्ची उचलून फिरवून ठेवत.

विषय काढायचा नाही हे पुरुषांपुरतं. मला अण्णा आत पाठवत. बायका माजघरात बसलेल्या असायच्या. मी रडणाऱ्या बाईचा हात हातात घ्यायची, शेवटचे दिवस कसे गेले ते ऐकून घ्यायची, आणि जरा शांतता झाली की हळूच विचारायची, "गाडी आता कोण चालवणार?" एवढ्या एका प्रश्नातून सगळं कळायचं. मुलगा मुंबईला आहे, जावयाला चालवता येत नाही, दारातली अडगळ कधी जाते असं झालंय. बाहेर येऊन मी अण्णांकडे बघून नुसती मान हलवायची.

जज्जांच्या घरी पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यांच्या बायकोने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती चौकशी करतेस गं." मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जज्जांचा गिअरबॉक्स आम्हाला मिळाला आणि अक्का पुढची चार वर्षं शाळेत गेली. म्हातारी वारली तेव्हा तर मी आत जायच्या आधीच साडी कोणती नेसायची ते ठरवून ठेवलं होतं. त्या वेळी अण्णांच्या आधी डॉक्टर पोचले, म्हणून तिचे ॲक्सल त्यांना गेले. आम्हाला डायनॅमो आणि दोन दारं. परतताना अण्णा हळहळले ते ॲक्सलसाठी, आणि मीसुद्धा.

दोन वर्षांनी एका सोमवारी सकाळी, अक्काला घेऊन जाताना, लालबागच्या चढावर आमचा मागचा ॲक्सल तुटला. गाडी ढकलत घरी आणली. कलासीपाळ्यातल्या मेस्त्रीने लेथवर एक घडवून दिला, तो गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत पिळवटला. त्याने हात टेकले. गावात त्या मापाचा ॲक्सल डॉक्टरांकडे होता, पण डॉक्टर जिवंत होते. अक्काच्या मुख्याध्यापिकेने चिठ्ठी पाठवली की दोन आठवडे बदली शिक्षिका ठेवते, त्यापुढे तिलाच कायम करावं लागेल. अक्काने उलट लिहिलं, पंधराव्या दिवशी सोमवारी मी काही झालं तरी हजर होईन.

अण्णा रोज गुजरीत जाऊ लागले. शुक्रवारी तिथून परत आले, ओट्यावर बसले, "स्वल्प पाणी दे" म्हणाले. मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. हाताला ग्रीसचा वास होता. मी तो साबणाने धुतला. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते खरं सांगते: आता ॲक्सल कोण शोधणार.

मला रडू आलं नाही. चुलतभावाने क्रियाकर्म केलं, बायका येऊन रडून गेल्या, माझ्याकडे बघून कुजबुजल्या. मी शेजारच्या घरची पिठलं-भाकरी वाढत राहिले. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं.

चौथ्या दिवशी, सोमवारी, डॉक्टर आले. बरोबर त्यांची सून. अक्का आणि मी आतल्या खोलीत होतो, आणि खिडकीतून मला ओटा दिसत होता. डॉक्टरांनी चुलतभावाला नमस्कार केला, खुर्ची उचलली, आणि शेडकडे पाठ येईल अशी फिरवून ठेवली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी जाणवलं, आणि तो संताप होता. आमचा गिअरबॉक्स जज्जांच्या गाडीतला, चांगला होता. त्यावर यांचा डोळा होता हे मला ठाऊक होतं. सून आत आली. बिचारी माझ्याच वयाची. तिने माझा हात हातात घेतला, अण्णांचे शेवटचे दिवस विचारले, आणि जरा शांतता झाल्यावर कानडीत हळूच म्हणाली, "गाडी आता कोण चालवणार?"

माझा प्रश्न. माझाच सूर. मी हात सोडवून घेतला.

"मीच," मी म्हटलं. "आम्हाला गाडी मोडायची नाहीये. तुमच्या मामंजींची तब्येत कशी आहे? त्यांची गाडी पुढे कोण चालवणार, ते ठरलं का?"

तिचा चेहरा उतरला. काही बोलायला तोंड उघडलं होतं तिने, ते मिटलं. "सरी अक्का," बरं ताई, एवढंच मला म्हणून उठली. बाहेर गेली आणि सासऱ्यांकडे बघून तिने मान हलवली, आडवी. मी ते खिडकीतून पाहिलं आणि मला बरं वाटलं, तेही खोटं कशाला सांगू.

अक्का कॉटवर बसून सगळं ऐकत होती.

पुढचा सोमवार आला. अक्काने सकाळी आंघोळ करून शाळेची साडी नेसली, पट्ट्या आवळल्या. सुतक संपलेलं नव्हतं, पण तिने त्याची पर्वा केली नाही. रिक्षावाल्याला बोलावलं. तिचा पाय बाहेर ठेवून जायचं ठरलं. पहिल्याच वळणावर तो घाबरला आणि परत फिरला. दुपारी शाळेचा शिपाई पत्र घेऊन आला. पत्रात अण्णांबद्दल फार चांगलं लिहिलं होतं, आणि शेवटी, बदली शिक्षिकेला कायम केल्याचं.

चौदाव्या दिवशी सकाळी दारात टॅक्सी थांबली. डॉक्टर उतरले, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, पायरी चाचपत. मागून तो मेस्त्री, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. डॉक्टरांनी माझ्या दिशेने बघितलं, पण माझ्याकडे नाही, जरा बाजूला.

"मोतीबिंदू आहे, अम्मा," ते म्हणाले. "महिना झाला, गाडी सोडली. तुमचा ॲक्सल गेला हे मेस्त्रीने सांगितलं. त्या दिवशीच द्यायला आलो होतो. पण सुतकात आपण कसं बोलणार? म्हणून हिला आत पाठवलं. घरात कोणी चालवणारं असलं तर सांग, म्हटलं, नाहीतर त्या पोरींना लोखंड देऊन काय उपयोग. ही बाहेर येऊन म्हणाली, त्यांना आत्ता नको आहे."

सून खाली बघत होती. मी तिला काय बोलले होते ते तिने सांगितलं नव्हतं.

मेस्त्रीने दुपारपर्यंत ॲक्सल बसवला. अगदी मापात बसला. मी गाडी फाटकाबाहेर काढली, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, परत आणली. कुठे जायचं नव्हतं. शेडमध्ये इंजिन बंद करून मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. शेजारी ती हातभर मागे सरकवलेली सीट रिकामी होती.

अक्का कुबडी टेकत शेडच्या दारात आली. गाडीकडे बघून म्हणाली, "ती दोनदा बोलायला गेली होती गं. मी बघत होते. तू तिला बोलू द्यायला हवं होतंस."

आवाजात राग नव्हता. मुलींचं गणित चुकलं की ती ज्या आवाजात सांगायची, तसंच सांगितलं. मग ती वळली आणि भाजी निवडायला आत गेली. तेव्हा मला रडू आलं. अण्णांसाठी की तिच्यासाठी ते मला आजही सांगता येत नाही.