जिब्राल्टरच्या अलीकडे

कॉव्हेंट्रीच्या श्यामलाकाकू निमकरांना कुणी ‘तुम्ही ब्रिटिश ना?’ असं विचारलं, की त्या अशा काही बघायच्या, की आपण चुकून त्यांचं वय तर विचारलं नाही ना, अशी शंका समोरच्याला यावी. लग्न करून त्या इथे आल्या १९७४ साली. नवरा, पुरुषोत्तमराव, मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात. ते यथावकाश ब्रिटिश नागरिक झाले, मुलगा तर इथलाच. काकूंचा पासपोर्ट मात्र निळा तो निळाच राहिला, भारताचा. का, म्हणून विचारावं तर दर खेपेला उत्तर वेगळं. कधी फॉर्म फार लांबलचक असायचा, कधी फोटो काढायला सवड नसायची, आणि अगदीच कुणी खनपटीला बसलं तर, ‘राणीचं माझ्यावाचून काय अडलंय?’

या हट्टापायी त्यांचा अख्खा युरोप राहून गेला होता. पुरुषोत्तमराव मित्रांबरोबर पॅरिस म्हणू नका, रोम म्हणू नका, कोपऱ्यावर दूध आणायला जावं तसे जाऊन यायचे. काकूंना मात्र प्रत्येक ठिकाणी व्हिसा. त्यासाठी भल्या पहाटे लंडनला जाऊन कुठल्या तरी कॉन्सुलेटच्या दारात रांग लावायची. ‘मला नाही बाई एवढी हौस,’ असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. हौस होती, हे सगळ्या घराला माहीत होतं. टीव्हीवर ग्रानाडाचा राजवाडा दाखवत असले, की त्या पोळी तव्यावर करपू द्यायच्या.

खरं सांगायचं तर या बाईइतकं इंग्लिश माणूस अख्ख्या गल्लीत दुसरं नव्हतं. बस-स्टॉपवर कुणी मध्ये घुसलं, तर त्याला मागे पाठवायचं काम काकूंचं. कचऱ्याचे डबे उचलायला उशीर झाला, की कौन्सिलला फोन काकूंचा. हवेबद्दल शेजारणीशी त्या रोज तितक्याच गांभीर्याने बोलायच्या, जणू काल बोलणं झालंच नव्हतं. पण हे सगळं त्यांच्या लेखी नुसतं शिस्तीत राहणं होतं. त्याचा पासपोर्टाशी संबंध लावलेला त्यांना खपत नसे.

काकू एका सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, कॉलेजात केमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. सतरा-अठरा वर्षांची ही उंचच उंच पोरं कुणाला म्हणून जुमानायची नाहीत, पण काकूंनी दारातून ‘गॉगल्स!’ म्हटलं की हात आपोआप डोळ्यांकडे जायचे. म्हणूनच २००६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत, स्पॅनिशचा शिक्षक डेरेक मुलांना घेऊन सहलीला निघणार होता आणि बरोबर येणाऱ्या बाईंचा ऐनवेळी पाय मोडला, तेव्हा तो धावत आला तो काकूंकडे.

पोर्तुगालला उतरायचं, तिथून बसने स्पेन आणि शेवटी फ्रान्समधून घरी. मध्ये एक दिवस जिब्राल्टर.

काकूंनी दोन दिवस आढेवेढे घेतले. मग लंडनला जाऊन, थंडीत रांगेत उभं राहून, पोर्तुगीज कॉन्सुलेटमधून तिन्ही देशांत चालणारा व्हिसा आणला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर पासपोर्ट फडकवला. ‘बघितलंत? माझ्या पासपोर्टापायी कुणाचं काही अडत नाही.’

‘त्यावर जिब्राल्टरला जाऊन परत येता येईल ना?’ डेरेकने विचारलं. ‘एकदा बघून घेशील?’

‘त्यात काय बघायचं?’ काकू म्हणाल्या. ‘ते तर ब्रिटिशच आहे. मला इथं कायमचं राहायची परवानगी आहे.’

डेरेक गप्प बसला. काकूंनी एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की गप्प बसायचं, हे तो लॅबच्या दारात शिकला होता.

सहलीत आपलं म्हणावं असं एक माणूस काकूंना होतं, ते म्हणजे अक्षया. मराठी मंडळातल्या शिल्पाची ही मुलगी. अठरा पूर्ण व्हायला अजून महिनाभर होता. ‘काकू, तुम्ही आहात म्हणून पाठवतेय हं,’ असं शिल्पाने बजावलं होतं. अक्षयाला लहानपणापासून विमानांचं वेड. ब्रिस्टलला एरोस्पेस इंजिनिअरिंगसाठी तिची निवडही झाली होती. तिला राजवाड्यांत रस नव्हता, तिला जिब्राल्टर बघायचं होतं. तिथे म्हणे विमानाची धावपट्टी हमरस्त्याला आडवी छेदून जाते. विमान आलं की रेल्वे फाटकासारखं फाटक पडतं, गाड्या आणि माणसं थांबतात आणि नाकासमोरून विमान सुटतं.

‘काकू, यू कॅन स्टँड राइट देअर!’ ती लिस्बनच्या ट्रॅममध्ये सांगायची, सेव्हिलच्या चर्चमध्ये सांगायची. ‘आणि तो फाटक उघडला, की आपण रनवेवरून चालायचा! वर्ल्डमध्ये अजून कुठे नाही असं.’

‘चालायचं,’ काकू सुधारायच्या. ‘आणि स्वेटर घाल.’

सहल मजेत चालली होती. काकूंनी दशम्यांचा डबा आणला होता, तो दुसऱ्याच दिवशी डेरेकने संपवला. लिस्बनमध्ये काकूंनी चहा मागवला, तर कोमट पाणी आणि शेजारी पुडी आली. ‘यांना साधा चहा करता येऊ नये?’ असं म्हणून त्यांनी थेट आतल्या बाईला पाणी उकळायला लावलं. सेव्हिलच्या चर्चबाहेर एक जर्मन घोळका रांग मोडून पुढे सरकला, त्याला काकूंनी असं काही झापलं, की मागच्या इंग्लिश आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या. चुडीदारावर अनोरॅक जाकीट, पाठीला सॅक, अशा त्या पुढे आणि पोरं मागे. रात्री हॉटेलात पाय शेकताना त्यांना वाटायचं, आपण उगीच इतकी वर्षं घरी बसलो.

आणि मग तो दिवस उजाडला. बसने सगळ्यांना स्पेनच्या टोकाला, सरहद्दीवरच्या गावात सोडलं. समोर तो प्रचंड खडक आणि त्याच्या पायथ्याशी चेकपोस्ट. चालत पलीकडे जायचं, दिवसभर हिंडायचं, संध्याकाळी परत. पोरं लाल पासपोर्ट नुसते वर धरून सरकत होती. कॅमेरा गळ्यात अडकवून सगळ्यात पुढे अक्षया. काकू शेवटी होत्या. कुणी मागे राहायला नको ना, म्हणून.

स्पॅनिश अधिकाऱ्याने निळा पासपोर्ट हातात घेतला, पानं उलटली आणि व्हिसावर बोट ठेवलं.

‘सेन्योरा, यावर एकदाच आत येता येतं. तुम्ही एकदा आलात. आता बाहेर पडलात, तर परत स्पेनमध्ये येता येणार नाही.’

‘पण मी बाहेर कुठं पडतेय?’ काकू म्हणाल्या. ‘पलीकडे ब्रिटनच तर आहे.’

‘म्हणूनच, सेन्योरा,’ अधिकारी अदबीने म्हणाला.

पलीकडचे लोक त्यांना खुशाल आत घेणार होते. हा मात्र परत येऊ देणार नव्हता. आणि सामान, बस, पुढची सगळी सहल अलीकडे होती. काकूंनी हुज्जत घातली. डेरेकने आपलं सगळं स्पॅनिश पणाला लावलं. अधिकारी शेवटपर्यंत सौजन्याने मान हलवत राहिला.

यातून पुढचा पेच उभा राहिला. अठराच्या आतल्या मुलांना कुठल्याही देशाची हद्द ओलांडून न्यायचं, तर बरोबर दोन मोठी माणसं हवीत, हा कॉलेजचा नियम. डेरेकने प्रिन्सिपॉलना फोन लावला. उत्तर सरळ होतं. अठरा पूर्ण झालेल्यांनी डेरेकबरोबर जावं, बाकीच्यांनी श्यामलाबरोबर अलीकडे थांबावं.

अक्षया पलीकडच्या दारापर्यंत पोचली होती. तिला परत बोलवावं लागलं.

ती परत आली, कॅमेरा सॅकमध्ये कोंबला आणि चालू लागली. मागे राहिलेल्या चार-पाच जणांनी समुद्रकाठी फुटबॉल सुरू केला आणि ते दुःख अर्ध्या तासात विसरले. अक्षया मात्र वाळूत खडकाकडे तोंड करून बसली. मधूनच एखादं विमान यायचं, खाली झुकायचं आणि इमारतींमागे नाहीसं व्हायचं. फाटक तिथंच कुठं तरी पडत असणार. दिसत काहीच नव्हतं.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. स्टाफरूममध्ये फडकवलेला पासपोर्ट त्यांना आता सॅकमध्ये दगडासारखा जड वाटत होता. बरं, डेरेकने विचारलं होतं. नीट बघून सांगायला काय झालं होतं? पण जिथं राणीचा फोटो टांगलाय तिथं जायला आपल्याला कोण अडवणार, असं त्या धरून चालल्या होत्या. आपल्या डोक्यात हे कधी शिरलं, तेच त्यांना कळेना. ज्या बाईने बत्तीस वर्षं राणीला दारात उभं केलं नाही, तिने जिब्राल्टर परस्पर आपलं मानून टाकलं होतं!

त्या अक्षयाशेजारी जाऊन बसल्या. वाळूत बसताना गुडघे कुरकुरले.

‘माझी चूक झाली,’ त्या म्हणाल्या. ‘सॉरी.’

अक्षयाने बघितलं नाही. ‘मला खूप राग आली आहे, काकू.’

‘यायलाच हवा.’

‘तुम्ही चेंज का नाही केला पासपोर्ट? एव्हरीवन हॅज. आजोबांनी केला, आईने केला. इट्स जस्ट अ पासपोर्ट!’

लांबलचक फॉर्म काकूंच्या ओठांवर आला होता. सवड नव्हती, तेही आलं होतं. पण त्या पोरीचे डोळे रडून लाल झालेले होते आणि तिला असलं काही सांगायची काकूंना लाज वाटली.

‘इकडे यायला निघाले ना,’ त्या म्हणाल्या, ‘तेव्हा आई विमानतळावर आली होती. रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, पाच वर्षांत परत येतो आम्ही, कायमचे. तिने माझ्याकडून वचनच घेतलं. मग पाचाची दहा झाली, मुलाची शाळा, घराचं कर्ज... पण हा पासपोर्ट होता तोवर मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. फक्त उशीर होत होता.’

अक्षया आता त्यांच्याकडे बघत होती. ‘आणि आता? तुमची आई कुठे आहे?’

‘सात वर्षं झाली तिला जाऊन.’

‘ओह.’ अक्षयाने वाळूत रेघा ओढल्या. मग तिने विचारलं, ‘पण त्यांना वाटत होता का, की तुम्ही येणार? ॲट द एंड?’

‘हो तर,’ असं काकू म्हणणार होत्या. तोंड उघडलंही होतं. आणि त्यांना शेवटची भेट आठवली.

त्या महिनाभर नाशिकला राहिल्या होत्या. आई अंथरुणावर. पूर्वी दर खेपेला ती विचारायची, ‘कायमची कधी येतेस?’ त्या खेपेला एकदाही विचारलं नव्हतं. त्याऐवजी एके दिवशी दुपारी ती अचानक म्हणाली होती, ‘श्यामले, तू इथं बसून राहिलीस, तिकडं तुझ्या सफरचंदाच्या झाडाला पाणी कोण घालतंय? जा बाई आता. झाड जळेल.’ काकू तेव्हा हसल्या होत्या. कॉव्हेंट्रीत पाऊस थांबेल तर झाड जळेल ना! आईने परसातलं ते झाड कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, फक्त पत्रांतून तिला त्याचा बहर माहीत होता. काकूंना वाटलं, म्हातारपणी काही तरी बोलतेय.

‘काकू?’

काकू रडत होत्या. लॅबमध्ये हातावर ॲसिड सांडलं तरी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्या अनोरॅकच्या बाहीने नाक पुसत होत्या.

‘तिने मला केव्हाच सोडवलं होतं गं,’ त्या म्हणाल्या. ‘मलाच ऐकू आलं नाही.’

अक्षयाला बहुतेक सगळं कळलं नाही. पण ती सरकून जवळ आली आणि तिने काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं. राग गेला नव्हता, तो ती पुढे पुष्कळ दिवस अधूनमधून काढणार होती. तरी ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने फुटबॉल पाण्यात गेला आणि काकूंनी उठून पोरांना असं काही दटावलं, की किनाऱ्यावरची दोन कुत्रीही लांब पळाली.

संध्याकाळी डेरेकची पलटण खडकावरच्या माकडांच्या गोष्टी घेऊन परतली. सगळ्यांना बसमध्ये चढवून काकू जरा बाजूला गेल्या आणि त्यांनी घरी फोन लावला.

‘अहो, ऐकताय ना? परत आले की नागरिकत्वाचा अर्ज करतेय.’

फोनवर पुरुषोत्तमराव होते. गेली वीस वर्षं ते याच विषयावर बायकोची थट्टा करत आले होते. आता ते काय काय ऐकवणार, याची काकूंनी मनाशी तयारी करून ठेवली. बस हॉर्न वाजवत होती.

‘श्यामला,’ ते हळूच म्हणाले, ‘आईंना विचारलंस?’

काकूंनी त्या वचनाबद्दल त्यांना आजवर एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘आजच विचारलं.’