पिंपातलं सफरचंद

बाबांच्या अस्थी फेब्रुवारीपासून इंग्लंडमधल्या आमच्या वॉटफर्डच्या घरातच होत्या. क्रेमेटोरियमने दिलेला हिरवा प्लास्टिकचा डबा मी पुस्तकांच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवला होता. त्या गोदावरीला न्यायच्या की कसं, हे आईने ठरवायचं होतं. ती ठरवत नव्हती. मीही विचारत नव्हते. आम्ही जेवत होतो, भांडी विसळत होतो, रविवारी पडदे धूत होतो.

बाबा देवळालीच्या छावणीत वाढले. तिथे आजोबांचा बैठा बंगला होता. बंगला त्यांचा, त्याखालची जमीन मात्र लष्कराची. छावणी वसवताना इंग्रजांनी घातलेली ती अट होती: बांधा, राहा, हवं तर विका, पण जमीन आमची. लागली की परत घेऊ. इंग्रज गेले, अट राहिली. आजोबांच्या हयातीत जमीन कुणी मागितली नाही. तरीही त्यांनी आवारात एकही झाड जमिनीत लावलं नाही. पेरू, लिंबू, मोगरा, सगळं कुंड्यांत आणि तेलाच्या पिंपांत. मुळं खाली उतरू नयेत म्हणून दर पाडव्याला गुढी उभारून झाली की घरातले सगळे मिळून कुंड्या जागच्या हलवत. लोकांकडे पाडव्याला श्रीखंड असतं, आमच्याकडे पाठदुखी असते, असं आजी म्हणायची म्हणे.

वॉटफर्डचं घर घेताना बाबांनी सॉलिसिटरला विचारलं, खालची जमीनसुद्धा आमचीच ना? तो हो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला. मग त्यांनी सफरचंदाचं रोप आणलं आणि मागच्या हिरवळीवर लाकडी पिंपात लावलं.

"अहो, आता तरी उतरवा त्याला खाली," आई दर वर्षी म्हणायची. "इथे कुठली पलटण येणार आहे?"

"पलटण सांगून येत नाही," बाबा म्हणायचे, आणि पहार घालून पिंप वीतभर सरकवायचे.

शेवटचे दोन पाडवे ते वरच्या खोलीत, अंथरुणावर होते. पिंप होतं तिथेच राहिलं.

यंदा एप्रिलमध्ये चहा पिता पिता आई म्हणाली, की गोदावरी नको. झाड जमिनीत लावू आणि त्याच्या मुळाशी त्यांना ठेवू. मी बरं म्हटलं. शनिवारी हिरवळीत खड्डा खणला. जमीन चिकट होती, वेळ लागला. मग पिंप कलतं करायला गेले तर ते हलेना. पहार घातली, तरी हलेना. गुडघ्यांवर बसून खालची माती उकरली. पिंपाच्या बुडाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ सरळ जमिनीत गेलं होतं.

आईला दाखवलं. मूळ करवतीने कापता येईल, झाड बहुधा जगेल, असंही सांगितलं. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"नको कापू," ती म्हणाली. "त्यांनी कधी लावलंच नसतं. ते आपलं आपणच गेलंय."

मी घरातून डबा आणला. तिने तो हातात घेतला, पण उघडला नाही.

"कौन्सिलला विचारावं लागतं का गं?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, आई. जमीन आपली आहे."

तिने झाकण काढलं. पिंपाच्या कडेने मी जमीन थोडी खरवडली आणि तिने हळूहळू अस्थी त्यात सोडल्या. राख करड्या रंगाची, वाळूसारखी होती. खड्ड्यातून निघालेली माती आणून मी वर पसरली, उरलेली खड्ड्यात परत लोटली. आईने नळाखाली हात धुतले आणि डबाही धुतला. मग त्याचं काय करायचं ते न कळून ती तो हातात धरून उभी राहिली.

पाडवा होऊन गेला होता. पिंप आम्ही हलवलं नाही.